खारबावचा सांधा

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज खालचे लूम बंद, म्हणजे आमचा फळीवरच्या छोट्या रेल्वेगाडीचा दिवस. एरवी खालच्या मागांच्या कारखान्यातून एवढा हादरा येतो की डबे रुळावर उभेच राहत नाहीत.

पुलापुढच्या रुळांचे सुटलेले डाग सोल्डरने पुन्हा द्यायला बसले. वि. बाजूला खुर्चीत. डावा हात दाखवायला, उजवा मांडीवर, मी ठेवला होता तसाच. "वर. अजून वर. चमचा!" चमचा म्हणजे सोल्डरची तार, एवढं आता मला कळतं. अर्धांगाच्या अटॅकनंतर त्यांचे शब्द असे एकमेकांच्या जागेवर जाऊन बसलेत. परवा औषधाला त्यांनी 'मामा' म्हटलं आणि आम्ही नवराबायको दोघंही हसलो होतो. आज हसलो नाही. मी गन जास्त वेळ टेकवली, फळीवरचा रंग करपला, पुलाजवळ काळा डाग पडला. वि. नी डोळे मिटून घेतले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

करंगळी भाजली. टूथपेस्ट लावून भाकऱ्या केल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सोल्डरची पेस्ट संपली म्हणून धामणकर नाक्यावर गेले. खाली लूम चालवणारे सलीमभाई वर येऊन बसले होते. "भाभी, आप जाओ, मैं हूँ." पण त्यांचीही शिफ्ट. किती वेळ बसणार?

येताना रिक्षा अडकली ती अडकलीच. कंटेनर आडवा. उतरले, चालत आले, चालत कसली, पळतच. सलीमभाई नुकतेच खाली गेलेले. वि. भिंतीला धरून उभे, लेंगा ओला. मोरीपर्यंत पोचायचा प्रयत्न केला असणार. मला बघून तोंड भिंतीकडे केलं. पुसलं, बदललं.

नाक्यावर माझ्या बालवाडीतल्या शिंदेबाई भेटल्या होत्या. "मुलं विचारतात तुम्हाला. केव्हा येताय?" "बघू" म्हटलं. पेस्टची डबी हातात घट्ट धरून.

यापुढे पेस्टसुद्धा पुण्याच्या लेकीला, पिंकीला सांगून घरी मागवायची. म्हणजे आता तेवढंही बाहेर पडणं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

फळीवरची, मागांवरून उडालेली रुई झटकली. दिवसाआड झटकली नाही तर नारपोलीत सगळ्या वस्तूंना केस येतात.

लग्न होऊन या खोलीत आले तेव्हा फळी नुसती फळी होती. नंतर एकेक वाढत गेलं. मागाच्या टाकून दिलेल्या फण्यांच्या पोलादी पट्ट्या काढून त्याचे रूळ. कुल्फीच्या काड्यांचे स्लीपर. तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं इंजिन, त्याच्या पोटात टेपरेकॉर्डरची मोटर. भिवंडी रोड स्टेशन, खाडीचा पूल, खारबाव, पुढे कामण, फळी संपते. वि. लूमचे मिस्त्री. दिवसभर लोकांचे माग दुरुस्त करायचे आणि घरी येऊन हे. दोन रुळांमधलं अंतर मागाच्या धोट्याच्या रुंदीएवढं ठेवलं, कारण हाताशी धोटा होता. त्या मापाचं बाजारात काही मिळत नाही. मिळू नये अशीच त्यांची इच्छा असावी.

खारबावला मालगाडी बाजूला घ्यायचा सांधा, गाडी दुसऱ्या रुळावर वळते ती जागा, तेवढा राहिला. "तो सावकाश करू," म्हणायचे. आता त्या जागेवर बोट ठेवलं की हात झटकतात. नको.

पण तो होईल असं मला वाटतं. पोळ्या लाटताना तोच डोक्यात असतो. दोन पट्ट्या एका टोकाला सैल हव्यात, दुसऱ्या टोकाला निमुळत्या घासून...

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वि. ना न विचारता सांधा करून पाहिला. झाला नाही. रूळ एकमेकांना ओलांडतात तिथे चाक खड्ड्यात पडतं आणि इंजिन आडवं होतं. वि. बघत होते. एकदा "कानस" म्हणाले, अगदी बरोबर शब्द. मी कानस घेतली तर मान हलवून नाही म्हणाले. मग काय हवं होतं? दोघांचाही चेहरा लाल. शेवटी गाडीला वीज देणारा एलिमिनेटर बंद करून कपडे वाळत घातले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

झाला!!

खड्डा बुजवायला आधी सोल्डर भरली आणि मग मधून चाकापुरती खाच घासली. सांधा फिरवायला साडीची पिन. आधी इंजिन एकटं नेलं, मग डबे लावून. मालगाडी भिवंडी रोडवरून निघाली, पूल ओलांडला, खारबावला वळली आणि बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहिली. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, बालवाडीत वाजवते तशा. परत फिरवली. परत गेली. किती वेळा गेली कोण जाणे, चहा उतू गेला.

वि. म्हणाले, "बरं." मग खुर्ची खिडकीकडे वळवायला सांगितली. वळवली आणि परत येऊन गाडी चालवत बसले.

खुर्ची वळवली ते आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

३ डिसेंबर, बुधवार

पिंकीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल.

"आई, हात दाखव. दोन्ही. हे काय?"

"काही नाही गं, डाग देताना..."

"अगं रेडीमेड मिळतं सगळं. रूळ जोडायचे, गाडी ठेवायची, बटण दाबायचं. बाबांना गाडी पळवायचीय, का तुला भाजून घ्यायचंय?"

मी म्हटलं, तुझ्या बाबांना रेडीमेड कधी आवडलं नाही.

"तेव्हा त्यांना दोन हात होते," ती म्हणाली.

९ डिसेंबर, मंगळवार

पिंकीने पाठवलेलं खोकं आलं. सलीमभाईंनी वर आणून दिलं, "भाभी, टीवी है क्या?" टीव्ही नाही, रेल्वे. निळं इंजिन, डबे, डब्यांच्या खिडक्यांत रंगवलेली माणसं. रूळ एकमेकांत टक् टक् बसतात. सलीमभाईंचा चहा संपायच्या आत पलंगावर फळकूट टाकून गोल तयार. जुन्या फळीच्या रुळावर ठेवून पाहिलं, चाकं आतल्या आत पडली. मापच वेगळं.

रिमोट वि. च्या डाव्या हातात दिला. एक गोल बटण, अंगठ्याने फिरवायचं. फिरवलं. खाली लूम धडधडत होते, पलंग थरथरत होता, तरी गाडी सुरळीत. हळू केली, जोरात केली, थांबवली, मागे घेतली.

आणि वि. हसले. तोंड एका बाजूला जातं, तरी पूर्ण हसले. मग रडायला लागले. सलीमभाई कप घेऊन उठले, "चलता हूँ."

मी कांदाभजी केली. आनंदच झाला मला. खरंच झाला.

१४ डिसेंबर, रविवार

दिवसभर गाडी. सकाळी उठवते तेव्हा आधी रिमोट मागतात. शुक्रवारची वाट बघायला नको, मला हाक मारायला नको. दुपारी डब्याची कडी निघाली म्हणून मी लावायला गेले तर म्हणाले, "तू नको."

बराच वेळ घालवून स्वतः लावली. जीभ दातात धरून.

तू नको. म्हणजे 'तू कशाला उठतेस' असंही असेल. सगळे शब्द येत नाहीत, अर्धी वाक्यं मीच पुरी करते. हे मात्र पुरं करता येत नाहीये.

डाळ निवडली. गॅलरीत उभी राहिले. समोरच्या शेडचे पत्रे, वरून वायरी, खाली टेम्पो सुताचे बीम उतरवतोय. वेळ होता, आणि जायला कुठेही नव्हतं. हाकेच्या अंतरात राहायचं आणि हाक येत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

नव्या गाडीचे रूळ रोज संध्याकाळी काढावे लागतात, नाहीतर झोपायचं कुठे? वि. ना ते आवडत नाही. आज जुन्या फळीकडे बोट करून म्हणाले, "काढ."

मी ऐकलंच नाही असं केलं. लूम चालू होते, सोपं गेलं.

"काढ!"

"आणि ठेवू कुठे?"

"जाऊ दे."

"जाऊ कशी देऊ? तुम्ही बांधलंय हे. आणि खारबाव माझं आहे."

"तुझं?"

मी बोलून गेले होते. मागे कशी घेणार? म्हटलं, हो, माझं. या घरात मी जे काही करते ते उद्या परत करायचं असतं. भांडी, पोळ्या, तुमचे कपडे. डाग एकदा दिला की राहतो. ते एवढंसं माझं राहू दे.

वि. शब्द शोधत राहिले. ओठ हलतात आणि आवाज येत नाही, ते मला बघवत नाही. मग डाव्या हाताने उजवा हात उचलला, मनगटाला धरून, आणि माझ्यापुढे केला. "हा. इथे. सगळीकडे हा." फळीकडे मान. "रोज बघू?"

हात परत मांडीवर ठेवायलाही त्यांना जमेना. मी ठेवला.

खरंच आहे ते. पुलापर्यंतचा एकेक डाग त्यांच्या हाताचा, मोहरीएवढा, चकचकीत. पुढे माझे, आधी ढेकळं, मग बरे, आणि खारबावला... चांगले. समोर बसून त्यांनी ते बघितलंय. मी टाळ्या वाजवत होते.

फळी काढली नाही. काढते असंही म्हटलं नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

निळं इंजिन बंद पडलं. नुसतं गुरगुरतं. वि. सकाळपासून बटण फिरवतायत. पिंकीला फोन केला. "आई, उघडू नकोस हं. वॉरंटी जाईल. पाठवून दे, बदलून देतील."

"कधी?"

"वेळ लागेल थोडा. पण उघडू नकोस."

वि. जेवले नाहीत.

२८ डिसेंबर, रविवार

दुपारी वि. झोपले आणि मी उघडलं.

त्यांचाच बारीक पेचकस, चष्म्याच्या स्क्रूंसाठी आणलेला. चार स्क्रू, निळं टोपण वर उचललं. आत रुई. दुसरं काय असणार इथे! दातेरी चाकांना केसांसारखी गुंडाळली होती. सुईने एकेक तंतू ओढून काढला, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला, टोपण लावलं. चालली. हातांना किती बरं वाटलं ते लिहायला नको, पण लिहिते.

वि. उठले तसा रिमोट हातात दिला. फिरवला, गाडी पळाली. चेहरा उजळला त्यांचा. मग नजर टेबलावर गेली. पेचकस तिथेच राहिला होता.

"हे पण?"

"काय हे पण?"

"हे पण... तू."

रिमोट उशीजवळ ठेवला. गाडी तशीच फिरत होती, मीच जाऊन बंद केली.

१ जानेवारी, गुरुवार

रिमोट उशीजवळच आहे. हात लावला नाही.

६ जानेवारी, मंगळवार

मी काय करायला हवं होतं? बंद पडलेलं तसंच बघत बसायचं? त्यांच्याकडे एकच वस्तू होती जिला माझा हात लागलेला नव्हता, हे मला कळायला हवं होतं का? आंघोळ मी, घास मी, मिशी मी कापते. कळतंय आता. कळून करू काय?

बालवाडीतून मेसेज. माझ्या जागी मुलगी घेतली. चांगली आहे म्हणे, गाणी छान शिकवते. अभिनंदन लिहून पाठवलं. मग मोरी घासली, स्वच्छ होती तरी.

पलंग, खुर्ची, मोरी, गॅलरी. त्यांना तेवढंच. आणि मला? मलाही तेवढंच, फक्त दोन्ही हात चालू.

१५ जानेवारी, गुरुवार

वडप्याहून दादाचा फोन. भाचीच्या, सोनलच्या बाळाचं पंचवीसला बारसं आहे. "येशील का न्हाय? का यंदाबी कारणं?"

"दादा, ह्यांना ठेवून..."

"घेऊन ये. गाडी पाठवतो."

वि. ना विचारलं. मान हलवली, नाही. लोकांपुढे जात नाहीत. मग माझ्याकडे बघून दाराकडे बोट केलं. तू जा.

पिंकी म्हणते ती येईल, रविवारी राहील बाबांजवळ. ठरलं. साडी काढून ठेवली.

२६ जानेवारी, सोमवार

काल वडप्याला गेले. हायवेपासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी गोडाऊन, दादाचं घर त्यांच्यामध्ये लपलेलं. पण अंगणात मांडव होता, पाळणा फुलांनी भरलेला, बायका गात होत्या. बाळ माझ्या मांडीवर झोपलं. सगळ्यांनी वि. ची चौकशी केली. सगळ्यांना 'बरे आहेत' सांगितलं.

वहिनी ताट वाढताना म्हणाली, "तुझा जीव हितं न्हाय गो."

"आहे की."

"न्हाय. कवाची फोनकडं बघतेस."

फोन एकदाही वाजला नाही.

संध्याकाळी घरी आले. दार उघडलं आणि पॅसेजमध्ये फळी. आडवी करून भिंतीला टेकवलेली, आमची जुनी गोधडी गुंडाळून, सुतळीने बांधलेली. खोलीत तिच्या जागी टेबल, त्यावर निळ्या गाडीचा गोल. वि. खुर्चीत, दमलेले.

पिंकीला स्वयंपाकघरात ओढलं. "मला न विचारता?"

"बाबांनीच सांगितलं, आई. सलीमचाचांना बोलावून घेतलं. काहीही तोडलं नाहीये, बघ हवं तर. बाबांनी एकेक डबा स्वतः उचलून खोक्यात ठेवला. डाव्या हाताने. कोणाला हात लावू दिला नाही."

"रडत होते?"

"नाही गं. नावं घेत होते. भिवंडी रोड, खारबाव, कामण. सगळी बरोबर."

मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"खारबावला थांबले खूप वेळ," पिंकी म्हणाली. "तो सांधा बोटाने इकडून तिकडे करत होते. मला विचारलं, कोणी? मी म्हटलं आईने. म्हणाले, माहितीये."

"अजून?"

"अजून काही नाही. मग म्हणाले, गुंडाळ."

पिंकी आज सकाळी गेली. जाताना मला मिठी मारून म्हणाली, "रागावू नकोस ना." कोणावर ते तिने सांगितलं नाही.

२८ जानेवारी, बुधवार

पॅसेजमधून जाताना अंग चोरावं लागतं. पाण्याचा हंडा घेऊन तर तिरकंच.

सलीमभाईंनी सुचवलं. खाली सुताच्या खोलीला लागून एक कोपरा रिकामा आहे, मालकाला विचारलंय, तो हो म्हणाला. "भाभी, लाइट है, पंखा भी है. आप वहाँ बैठ के करो आराम से. मिस्त्री का काम है, बंद नहीं होना चाहिए."

मी म्हटलं, तिथे बसले आणि ह्यांनी वरून हाक मारली तर? लूमच्या आवाजात मला माझंच बोलणं ऐकू यायचं नाही.

"घंटी लगा देंगे."

"त्या आवाजात घंटी तरी कुठली ऐकू यायची?"

सलीमभाई विचार करू लागले. चांगला माणूस. माझ्या मनात मात्र तो कोपरा मांडला जात होता. फळी कुठे टेकवायची, उजेड कुठून येईल, कामणच्या पुढे अजून एक फळी जोडता येईल का...

वि. खोलीतून ऐकत होते. आम्ही बोलायचं थांबलो तेव्हा त्यांची गाडी सुरू झाली. रिमोटला शेवटचा हात लावून महिना झाला होता. मी डोकावले नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

लूम बंद. इतकं शांत की गाडीची चाकं स्वयंपाकघरात ऐकू येतात.

जेवणानंतर सलीमभाई आले, बरोबर कारखान्यातला आणखी एक जण. "भाभी, आज छुट्टी है, ले जाएँ नीचे?" गोधडीला हात लावून उभे.

मी खोलीत गेले. वि. नी गाडी थांबवली.

म्हटलं, "फळी खाली नेतायत. मी दुपारी जाऊन बसेन थोडा वेळ, तुम्ही झोपता तेव्हा. चालेल?"

माझ्याकडे बघत राहिले. डोळे स्वच्छ, काहीतरी ठरवून बघतायत असे. मग म्हणाले, "खाली... जाशील."

प्रश्न होता की सांगणं, की तक्रार, आवाजावरून कळेना. आवाज आता एकाच पट्टीत असतो त्यांचा. मी गुडघ्यावर बसले, त्यांच्या तोंडासमोर.

"अहो, नीट सांगा. जाऊ म्हणता, की नको?"

"हो," म्हणाले.

"हो म्हणजे जाऊ?"

"हो."

"की जाऊ नको?"

त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. जड. "हो," म्हणाले.

बाहेर सलीमभाई खोकले. मी गुडघ्यावरून उठले नाही.